सोमवार नेमका कशाचा?

आत्ता कुणी भाकरी थापत असेल, कुणी धारा काढून नुकतीच टेकली असेल. हातातलं काम सोडू नका, कान तेवढे इकडं द्या.

आज आम्ही इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका. एबीसीडी शिकवायला आम्ही बसलो नाही. एका इंग्रजी वाक्यापायी आमच्या गटाचे सात हजार रुपये कसे गेले, ते सांगायचं आहे. आणि त्या सात हजारांत जे शिकलो, ते तुम्हाला फुकट द्यायचं आहे.

आमचा बचतगट बारा जणींचा. सोलापूर जिल्ह्यातलं गाव. आम्ही कडक भाकरी करतो, ज्वारीची आणि बाजरीची, आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी. आधी बाजारात विकायचो. मग एका प्रदर्शनात हैदराबादचे एक दुकानदार भेटले. त्यांना माल आवडला. त्यांची भाषा तेलुगू, आमची मराठी. फोनवर बोलणं मोडक्या हिंदीत, दोघांचीही हिंदी सारखीच मोडकी, त्यामुळं भांडण नाही. पण ऑर्डर, भाव, तारीख हे सगळं मोबाइलवर इंग्रजीत लिहून यायचं. कारण लिहायला दोघांना जमेल अशी तेवढी एकच भाषा.

संक्रांतीच्या आधी त्यांची ऑर्डर आली. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरीची ४०० पाकिटं आणि ३० किलो चटणी. भोगीच्या दोन दिवस आधी त्यांना माल हातात हवा होता. सोमवारी आमची बैठक झाली. बैठकीत ठरलं, की ऑर्डर घ्यायची, माल पाठवायचा. ठराव वहीत लिहिला, बारा जणींच्या सह्या-अंगठे झाले. मंगळवारी सकाळी दुकानदारांना मेसेज गेला: वी डिसायडेड टू सेंड द गुड्स ऑन मंडे.

तो मेसेज कुणी लिहिला? आमच्यातल्या बी.ए. झालेलीनं. म्हणजे आज माइकसमोर जी बसली आहे, तिनंच.

आम्हाला म्हणायचं होतं, की सोमवारी आमचं ठरलं, माल पाठवतो. दुकानदारांनी वाचलं, की माल सोमवारी पाठवणार. पुढचा सोमवार म्हणजे संक्रांत होऊन गेलेली. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं विचारण्यासारखं काही नव्हतंच. वाक्य स्वच्छ होतं. त्यांनी दुसरीकडून माल घेतला. इकडं आम्ही तीन रात्री चुली पेटत्या ठेवून भाकऱ्या केल्या, गुरुवारी रात्री पार्सल गाडीत घातलं. शुक्रवारी फोन आला, "अब क्यों भेजा? आपने तो मंडे लिखा था."

त्यांनी माणुसकी दाखवली. निम्मा माल कमी भावात ठेवून घेतला. उरलेला परत आला, तो पडेल भावात बाजारात विकला. जायचं-यायचं भाडं आमच्याच डोक्यावर. हिशेब केला तेव्हा ७ हजार २०० रुपयांचा खड्डा निघाला. बारा जणींत वाटला तर प्रत्येकीचे ६०० रुपये. ६०० रुपये म्हणजे किती, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

त्या रात्री आमच्या अध्यक्ष काकूंनी एकच प्रश्न विचारला. "वाक्यात शब्द कुठला चुकला?" आम्ही पुन्हा पुन्हा वाचलं. शब्द एकही चुकला नव्हता. स्पेलिंगही बरोबर. चुकली होती ती जागा. सोमवार चुकीच्या जागी बसला होता.

आता गंमत बघा. हेच आपण मराठीत म्हणू या. "आम्ही सोमवारी माल पाठवायचं ठरवलं." सांगा, सोमवारी ठरवलं, की सोमवारी पाठवायचं? मराठीतसुद्धा दोन्ही अर्थ निघतात! पण आपण बोलतो तेव्हा जिथं जोर द्यायचा तिथं देतो, जिथं थांबायचं तिथं थांबतो, आणि समोरचीला कळतं. कागदाला ना जोर कळतो, ना थांबणं. आणि इंग्रजी तर पडली जागेची भाषा. तिथं शब्द कुठं बसला यावर त्याचा अर्थ ठरतो.

म्हणून मग आम्ही ठरवलं, की ही जागा समजून घ्यायची. दर बैठकीत हिशेब झाला की पंधरा मिनिटं इंग्रजी. पुस्तकातलं नाही, आपल्या कामातलं. आम्हाला जे सापडलं, ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट 'टू'. इंग्रजीत क्रियापदाच्या पुढ्यात टू लागतो. टू सेंड, टू पॅक, टू पे. म्हणजे आपलं पाठवायला, भरायला, द्यायला. किंवा पाठवायचं, भरायचं, द्यायचं. आपण 'ला' मागून लावतो, इंग्रजी टू पुढून लावते. दुसरा एक टू गावाच्या नावाआधी येतो: टू हैदराबाद, म्हणजे हैदराबादला. बघा, तिथंही आपला 'ला'च आहे. त्यामुळं ऐकताना 'टू' आला की मनात 'ला' म्हणा, बरंचसं जमतं. आणि एक लक्षात ठेवा. क्रियापदाआधी टू आला की ते क्रियापद मूळ रूपात राहतं. गोष्ट कालची असो की उद्याची, टू सेंडच. टू सेंट होत नाही, टू सेंड्स होत नाही. काळाचं ओझं आधीचं क्रियापद उचलतं. वी डिसायडेड, इथं 'डिसायडेड'नं सांगितलं की झालेली गोष्ट आहे. पुढचा 'टू सेंड' मोकळा.

दुसरी गोष्ट, आणि हीच मुख्य. त्या टूवाल्या क्रियापदाला आणखी माहिती चिकटते. काय पाठवायचं, कसं पाठवायचं, कुठं, केव्हा, का. मोजा बरं बोटांवर: काय, कसं, कुठं, केव्हा, का. पाच 'क'. मराठीत हे पाचही क्रियापदाच्या आधी येतात आणि क्रियापद सगळ्यांत शेवटी. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि हे पाचही त्याच्या मागून चालतात.

हे आम्हाला तोंडी सांगून कळेना. म्हणून आम्ही खेळ केला. जुन्या कॅलेंडरची पानं पालथी केली, त्यावर मोठ्या अक्षरांत एकेक तुकडा लिहिला, आणि सहा जणींना ओळीत उभं केलं. मराठी वाक्य असं होतं: "मोडतात म्हणून, बुधवारी, खोक्यांत, जपून, भाकऱ्या, भरायला." पहिली बाई 'मोडतात म्हणून', म्हणजे का. दुसरी 'बुधवारी', म्हणजे केव्हा. तिसरी 'खोक्यांत', म्हणजे कुठं. चौथी 'जपून', म्हणजे कसं. पाचवी 'भाकऱ्या', म्हणजे काय. आणि सहावी, ओळीच्या शेवटी, 'भरायला'.

मग म्हटलं, आता ओळ शेवटाकडून वाचा. सहावीपासून सुरू करा. भरायला, भाकऱ्या, जपून, खोक्यांत, बुधवारी, मोडतात म्हणून. आणि हेच इंग्रजीत: टू पॅक, द भाकरीज, केअरफुली, इन बॉक्सेस, ऑन वेन्सडे, बिकॉज दे ब्रेक. तुकड्याला तुकडा जुळला! ओळ तीच, बाया त्याच, फक्त वाचायचं उलट्या टोकाकडून. आमच्या चौथी शिकलेल्या मावशी म्हणाल्या, "म्हणजे इंग्रजी म्हणजे आपलीच ओळ, मागच्या दारानं शिरायचं." त्या दिवसापासून आमच्या गटात इंग्रजीला 'मागचं दार' म्हणतात.

आता हा क्रम म्हणजे दगडावरची रेघ नाही. 'केव्हा' सांगणारा तुकडा कधी कधी वाक्याच्या अगदी आरंभीही जाऊन बसतो. जाण्या-येण्याचं क्रियापद असेल तर 'कुठं' आधी येतं आणि 'कसं' नंतर. टू गो टू सोलापूर बाय बस. सोलापूर आधी, एसटी नंतर. पण ज्या बाईला सुरुवात करायची आहे, तिनं काय, कसं, कुठं, केव्हा, का या वाटेनं चालावं. सहसा ठेच लागत नाही.

या वाटेवर एक खूण मात्र पक्की ठेवा. क्रियापद आणि 'काय' यांच्या मध्ये कुणाला बसवू नका. आपण मराठीत "जपून भाकऱ्या भर" म्हणतो आणि "भाकऱ्या जपून भर" असंही म्हणतो, दोन्ही चालतं. इंग्रजीत 'टू पॅक द भाकरीज केअरफुली' म्हणायचं. 'टू पॅक केअरफुली द भाकरीज' कानाला खटकतं. क्रियापद आणि त्याचं 'काय' ही जोडी एकाच पाटावर बसलेली असते.

'कसं' सांगणाऱ्या शब्दाला आणखी एक जागा आहे. तो टू आणि क्रियापद यांच्या मधोमध बसू शकतो: टू केअरफुली पॅक द भाकरीज. जुने मास्तर याला चूक धरायचे. एकोणिसाव्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी तसा दंडक घातला होता, आणि आपल्या शाळांतून तो पुष्कळ वर्षं चालला. आजची व्याकरणं ती चूक मानत नाहीत. तेव्हा कुणी असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. आपण लिहिताना मात्र सवयीची, सोपी जागा धरावी.

आता येऊ आमच्या सात हजारांकडं. एका वाक्यात एकच क्रियापद असतं तेव्हा भांडण होत नाही. पण 'वी डिसायडेड टू सेंड' यात क्रियापदं दोन आहेत. ठरवलं एक, पाठवायचं दुसरं. वाक्याच्या शेवटी 'ऑन मंडे' आला. तो कुणाचा? वाचणारा साधारणपणे त्याला जवळच्या क्रियापदाच्या पदरात टाकतो. शेवटी बसलेल्याला जवळचं कोण? टू सेंड. म्हणून सोमवार पाठवण्याचा झाला. आमचा सोमवार ठरवण्याचा होता. तो ठरवण्याजवळच ठेवायला हवा होता, म्हणजे वाक्याच्या आरंभी: ऑन मंडे वी डिसायडेड टू सेंड द गुड्स. शब्द तेच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. सोमवार शेवटावरून उठून आरंभी बसला असता, तर ७ हजार २०० वाचले असते.

'लवकर'चंही असंच. वी क्विकली डिसायडेड टू सेंड द गुड्स, म्हणजे आम्ही झटकन ठरवलं. माल कधी निघेल ते देव जाणे. वी डिसायडेड टू सेंड द गुड्स क्विकली, म्हणजे माल लवकर पाठवायचं ठरवलं. गिऱ्हाइकाला तुमचं ठरवणं झटकन झालं की सावकाश, याच्याशी काय देणंघेणं? त्याला माल लवकर हवा. तेव्हा 'क्विकली' मालाजवळ ठेवा.

नकाराचं बघा. हे तर मराठीसारखंच आहे, म्हणून सोपं. "उधार न द्यायचं आम्ही ठरवलं", म्हणजे उधारी बंद, विषय संपला. "उधार द्यायचं आम्ही अजून ठरवलेलं नाही", म्हणजे विचार चालू आहे. या दोन वाक्यांतला फरक तुम्ही झोपेतही सांगाल. इंग्रजीत पहिलं असं: वी डिसायडेड नॉट टू गिव्ह क्रेडिट. इथं नॉट टूला खेटून बसला. दुसरं असं: वी हॅव नॉट डिसायडेड टू गिव्ह क्रेडिट. इथं नॉट डिसायडेडला खेटून बसला. नकार ज्याच्याजवळ, त्यालाच तो लागू. नॉट कुणाशेजारी बसलाय ते पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही.

तिसरी गोष्ट. कधी 'केव्हा' किंवा 'का' हा एक शब्द नसतो, ते अख्खं छोटं वाक्यच असतं. 'टेम्पो पोचला की', 'पाऊस लागला तर', 'माल मिळाल्यावर', 'भाकऱ्या मोडतात म्हणून'. मराठीत 'की, तर, वर, म्हणून' हे शेपटीला असतात आणि सगळं मुख्य वाक्याच्या आधी येतं. इंग्रजीत व्हेन, इफ, आफ्टर, बिकॉज हे त्या छोट्या वाक्याच्या तोंडाशी उभे राहतात, आणि ते छोटं वाक्य साधारणपणे टूवाल्या क्रियापदाच्या मागं येतं. पुन्हा तेच, मागचं दार.

उदाहरण घ्या. "पोचल्यावर ड्रायव्हरला फोन करायला सांगा." आपण हे रोज म्हणतो. पण यातही दोन अर्थ आहेत. ड्रायव्हर पोचला की मग त्याला सांगायचं? की आत्ताच सांगून ठेवायचं, की बाबा, पोचलास की फोन कर? इंग्रजी इथं जागेनं निवाडा करते. आत्ताच सांगायचं असेल तर: प्लीज टेल द ड्रायव्हर टू कॉल अस व्हेन ही रीचेस. व्हेन शेवटी, टू कॉलच्या जवळ, म्हणजे पोचल्यावर फोन. आणि तो पोचल्यावरच सांगायचं असेल तर व्हेन आरंभी: व्हेन द ड्रायव्हर रीचेस, प्लीज टेल हिम टू कॉल अस. इथं व्हेन सांगण्याचा झाला.

यात एक काट्याची जागा आहे, तीही सांगतो. ड्रायव्हर उद्या पोचणार आहे. तरी इंग्रजीत 'व्हेन ही विल रीच' म्हणत नाहीत. 'केव्हा' सांगणाऱ्या व्हेन, आफ्टर, बिफोर यांच्या मागं, आणि इफच्या मागंही, गोष्ट उद्याची असली तरी क्रियापद वर्तमानातलंच ठेवतात. व्हेन ही रीचेस. इफ इट रेन्स. आम्हाला हे विचित्र वाटलं. मग अध्यक्ष काकू म्हणाल्या, "आपण काय वेगळं करतो? उद्या येणाऱ्या टेम्पोला आपण 'टेम्पो आला की' म्हणतो. आला! अजून निघालासुद्धा नाही." खरंच की. आपण उद्याची गोष्ट भूतकाळात बोलतो, ते वर्तमानात बोलतात. तेव्हा हसायचं कुणी कुणाला?

हे सगळं शिकून उपयोग काय झाला, ते आता सांगतो.

उन्हाळ्यात बेंगळुरूच्या एका दुकानाकडून शेंगाचटणीची ऑर्डर आली, ५० किलोची. पैशाबद्दल त्यांनी लिहिलं होतं: वी ॲग्री टू पे द फुल अमाउंट विदिन सेव्हन डेज आफ्टर द गुड्स आर चेक्ड. पूर्वी असतं तर 'पे' आणि 'सेव्हन डेज' एवढं बघून आम्ही खूश झालो असतो. सात दिवसांत पैसे! पण आता आम्ही बैठकीत पानं काढली आणि वाक्य जमिनीवर मांडलं. टू पे, द्यायला. काय? फुल अमाउंट, पूर्ण रक्कम. केव्हा? विदिन सेव्हन डेज, सात दिवसांच्या आत. आणि त्याच्या मागं अजून एक तुकडा, आफ्टर द गुड्स आर चेक्ड, माल तपासून झाल्यावर.

मावशींनी त्या शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "सात दिवस माल पोचल्यापासून नाहीत. तपासल्यापासून आहेत. आणि तपासणार कधी, हे कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच पानावर नव्हतं. त्यांनी महिनाभर माल तपासलाच नाही, तर सात दिवस महिन्यानंतर सुरू होणार. त्यांच्या मनात काळंबेरं असेल असं आम्ही म्हणत नाही, बहुधा सहज लिहिलं असेल. पण उन्हाळ्यात शेंगदाण्याचे पैसे आम्हाला व्यापाऱ्याला रोख द्यावे लागतात. महिनाभर ५० किलोचे पैसे अडकले, तर अंतर्गत कर्ज मागायला आलेल्या बाईला गट काय देणार?

आम्ही उत्तर लिहिलं. या वेळी बारा जणींनी मिळून, एकीनं नाही. प्लीज ॲग्री टू पे द फुल अमाउंट विदिन सेव्हन डेज आफ्टर द गुड्स रीच युवर शॉप. एवढाच बदल. 'तपासल्यावर'च्या जागी 'तुमच्या दुकानात पोचल्यावर'. दोन तासांत त्यांचं उत्तर आलं, ओके. माल गेला. सहाव्या दिवशी पैसे खात्यात आले.

ज्या मावशींनी बोट ठेवलं, त्या चौथी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना आजही अडखळत वाचता येतात. पण "केव्हापासून?" हा प्रश्न विचारायला इंग्रजी लागत नाही. आयुष्यभर उधारी-उसनवारी सांभाळलेली बाई तो प्रश्न विचारतेच. आम्हाला फक्त तो प्रश्न वाक्यात कुठं ठेवलेला असतो, ती जागा कळायला हवी होती.

इथं एक महत्त्वाची गोष्ट जोडतो. कर्जाचे कागद इंग्रजीत असले, तर पाच 'क' घेऊन एकटीनं त्यांच्याशी झुंजत बसू नका. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२४ मध्ये सूचना काढली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांसाठी आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांसाठी कर्जदाराला एक माहितीपत्रक द्यायचं असतं. त्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात. त्यात वर्षाचा एकूण खर्चाचा दर, लागणारी फी, हप्त्यांचं वेळापत्रक हे सगळं असतं. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं, शिवाय त्यातला मजकूर समजावून सांगायला हवा. तेव्हा सहीला बसलात की न लाजता म्हणा, "साहेब, माहितीपत्रक मराठीत द्या, आणि वाचून समजावून सांगा." हे मागणं उपकाराचं नाही, नियमातलं आहे.

आता जाता जाता चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, लिहिताना बोटं मोजा: काय, कसं, कुठं, केव्हा, का. टूवाल्या क्रियापदामागं याच क्रमानं.

दोन, वाक्यात दोन क्रियापदं आली, की प्रत्येक तुकड्याला विचारा, "बाई, तू कुणाची?" ज्याची आहे त्याच्याजवळ तिला बसवा.

तीन, तरीही शंका राहिली, तर वाक्य मोडा आणि दोन करा. वी मेट ऑन मंडे. वी विल सेंड द गुड्स ऑन थर्सडे. दोन छोटी वाक्यं लिहिली म्हणून कुणाची बी.ए.ची पदवी कमी होत नाही. हे आम्ही अनुभवानं सांगतो.

चार, वाराऐवजी तारीख लिहा. सोमवार दर आठवड्याला येतो. १० जानेवारी वर्षातून एकदाच येते.

आणि घरचा अभ्यास. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत जुन्या कॅलेंडरची सहा पानं घ्या. आपल्या रोजच्या कामातलं एक वाक्य घ्या. पापडाचं असो, शेळीचं असो, शिलाईचं असो. सहा जणी उभ्या राहा, आधी मराठीत वाचा, मग शेवटच्या बाईपासून उलट वाचा. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांना इंग्रजी शब्द विचारा. पोरं खूश होतात. आईनं आपल्याला काहीतरी विचारलं, याचा त्यांना केवढा अभिमान वाटतो ते बघा.

हैदराबादच्या त्या दुकानदारांनी अजून आम्हाला दुसरी ऑर्डर दिलेली नाही. आमची चूक होती, त्यांचा राग नाही. पण पौष पुन्हा येणार आहे, आणि बाजरीच्या भाकरीशिवाय भोगी होत नाही. त्यांना पाठवायचं वाक्य आम्ही आत्ताच ठराव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. वी प्रॉमिस टू सेंड द गुड्स टू हैदराबाद बिफोर द टेन्थ ऑफ जॅन्युअरी. बारा जणींनी वाचलंय. प्रत्येकीनं त्या तारखेवर बोट ठेवून विचारलंय, "ही कुणाची?" आणि प्रत्येकीला एकच उत्तर मिळालंय: पाठवण्याची.

चला, तव्यावरची भाकरी उलटा. नमस्कार.